तांदळाच्या डब्यातलं बाळ

माळ्यावरून खोकं खाली काढलं, की आधी डांबरगोळ्यांचा वास येतो. मग वर्तमानपत्राच्या बोळ्यांतून एकेक मंडळी बाहेर पडायला लागतात. मरिया, योसेफ, एक कान उडालेलं गाढव, मेंढरं, पूर्वेकडून आलेले दोन मागी, म्हणजे ज्ञानी लोक. तिसरा मागी फार पूर्वी फुटला. त्याच्या जागी दिवाळीच्या किल्ल्यावरचा, हातात भाला धरलेला मावळा उभा असतो. ही आमच्या शमूची करामत. लहान असताना म्हणाला होता, "बाबा, बाळाला कुणी पकडायला आलं तर? सगळे नुसते गुडघे टेकून बसलेत!" तेव्हापासून आमच्या गव्हाणीत, म्हणजे येशूजन्माच्या या देखाव्यात, मावळा पहाऱ्यावर आहे, आणि चर्चच्या पाळकसाहेबांनीसुद्धा एकदा चहा पिता पिता त्याच्याकडे बघून मान डोलावलेली आहे.

काल खोकं काढलं. सगळे सापडले. बाळ नव्हतं. नसणारच. मीच ते खोक्यात ठेवलेलं नाही, आणि गेलं वर्षभर त्याविषयी मी घरात चकार शब्द काढलेला नाही.

डिसेंबर आलाय हे कर्वेनगरात कुणाला सांगावं लागत नाही. सकाळी स्कूटरच्या सीटवर दव असतं, वॉचमन पत्र्याच्या डब्यात पालापाचोळा जाळून हात शेकत बसलेला असतो, आणि कॉलेजची पोरं टपरीवर चहाचे ग्लास दोन्ही हातांत धरून उभी असतात. सोसायटीतले दिवाळीचे कंदील एव्हाना उतरलेले असतात आणि आमच्या गॅलरीत चांदणी चढते. मग सेक्रेटरी जिन्यात गाठतात. "काय हो, कंदील राहिला वाटतं काढायचा?" मी म्हणतो, "चांदणी आहे ती. नाताळची." "हां हां, म्हणजे आता जानेवारीपर्यंत." आणि चार पायऱ्या उतरल्यावर, मागे न बघता, "वायर आपल्याच मीटरवरची आहे ना?" दर वर्षी हेच. इतकी वर्षं ऐकून मला ते आता नाताळच्या गाण्यांतलंच एक कडवं वाटतं.

यंदा चांदणी लावताना स्टूल धरायला कुणी नव्हतं. शमू दहावीत आहे, क्लासला गेला होता. बेकू, म्हणजे आमची रेबेका, जूनपासून बंगळूरला शिकायला आहे. शीला आतून ओरडली, "अहो, पडाल! कुणी बघणार आहे का ती?" बायको माझी तोंडानं फटकळ आहे. पण प्रश्न काही चुकीचा नव्हता.

बाळाचं सांगायला हवं. गव्हाणी मांडायची पद्धत आमच्यात सगळ्यांकडे नाही, पण माझ्या आईला भारी हौस. आम्ही तेव्हा शनिवार पेठेत दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. मागच्या खोलीत कोनाड्याखाली आई गव्हाणी मांडायची, आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी ते अंगठ्याएवढं मातीचं बाळ लपवून ठेवायची. कुठं, तर तांदळाच्या डब्यात. दर वर्षी तिथंच. मी एकदा विचारलं, "तिथंच का गं?" तर म्हणाली, "अरे, थंडी किती आहे! तांदळात ऊब असते." नाताळच्या दिवशी सकाळी चर्चला निघण्याआधी घरातल्या पोरांनी ते शोधून काढायचं आणि गव्हाणीत ठेवायचं. बाळ सापडलं की आई डबा आडवा करून त्यातलेच तांदूळ काढायची आणि त्यांचा भात दुपारी व्हायचा. तो भात झाला म्हणजे नाताळ झाला. एरवी आम्ही रोज भातच खायचो, पण त्या दिवशीच्या भाताला सगळे जरा जपून बसायचे.

आई गेल्यावर ते खोकं माझ्याकडे आलं. आणि माझ्या पोरांनी या प्रकाराला आणखी एक नियम जोडला. बाळ तांदळाच्या डब्यात आहे हे त्यांना पक्कं माहीत असायचं, तरी डबा सगळ्यात शेवटी उघडायचा! आधी चपलांच्या स्टँडमध्ये बघायचं. मग फ्रिजमध्ये. मग माझ्या ऑफिसच्या बॅगेत. बेकू पुढं, शमू तिच्या फ्रॉकचं टोक धरून मागं, दोघं अनवाणी, गार फरशीवर पाय उचलत. "इथं नाही! इथंपण नाही! आता काय करायचं?" शमू खरोखर रडवेला व्हायचा. दर वर्षी तोच डबा, तरी त्याला शंका यायचीच, की या वेळी नसलं तर? मग बेकू कमरेवर हात ठेवून, अगदी आताच सुचल्यासारखं म्हणायची, "अरे! तांदळात बघूया का?" आणि दोघं कोपरापर्यंत हात खुपसायचे. ओट्यावर, फरशीवर, केसांत, सगळीकडे तांदूळ. शीला कपाळावर हात मारायची. मी दारात उभा राहून हसायचो. मला वाटतं, मी त्याहून सुखी कधी झालो नाही. हे मी उगाच म्हणत नाही, बरेचदा आठवून पाहिलंय.

बेकूनं एकदा त्या बाळाचे गाल शीलाच्या नेलपॉलिशनं रंगवले. ते अजून तसेच आहेत, भडक गुलाबी. नाक आईच्या काळातच उडालंय.

त्या दिवसांत आम्ही डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मांजरीला जायचो. माझा मावसभाऊ विलासदादा तिथं राहतो. त्याचा ऊस तुटलेला असायचा आणि शेतात वाळलेल्या पानांचा, पाचटाचा, ढीग पडलेला असायचा. गव्हाणीचं छप्पर त्याचं. दादा लांबूनच ओरडायचा, "पाचट हाय की! न्या लागंल तेवढं, पन आधी रस पिऊन घ्या पोरांनो." शमू पाचटाच्या ढिगात उड्या मारायचा, अंगभर खाज सुटायची, आणि परत येताना स्कूटरवर मधे बसून सगळा रस्ता खाजवत राहायचा. घरी आल्यावर परातीत माती घालून गहू पेरायचे. नाताळपर्यंत वीतभर हिरवं होतं, ते बेथलेहेमचं शेत. समोरच्या कुलकर्णी काकू बघून म्हणायच्या, "अगदी आमच्या घटासारखंच की हो." मग दिवाळीत त्यांच्याकडून आलेल्या ताटाची परतफेड म्हणून शीला करंज्या नि चकल्या द्यायची. काकू एक करंजी तिथंच उभ्या उभ्या खाऊन सांगायच्या, "सारण जरा कोरडं झालंय." दुसऱ्या दिवशी रिकामं ताट घासून परत यायचं.

हे सगळं एका दिवसात बंद पडलं असतं तर मला भांडता आलं असतं. तसं झालं नाही. एका वर्षी बेकू मांजरीला आली नाही, तिचा प्रोजेक्ट होता. एका वर्षी दोघांनी बाळ शोधलं, पण चपलांचा स्टँड आणि फ्रिज गाळून थेट डब्याकडे गेले. पुढच्या वर्षी बेकूनं शमूला सांगितलं, "तू काढ ना, मी केस धुतलेत." त्यानं एका हातानं काढलं, दुसऱ्या हातात मोबाइल होता. पण काढलं. मी तेवढ्यावर वर्ष ढकललं. शीला म्हणायची, "मोठी झालीत आता. तुम्ही काय ती जन्मभर फ्रॉक धरून फिरणार समजता की काय?" नाही समजत. मला कळतं. मी सोळा वर्षांचा असताना आईबरोबर बाजारात जायची मला लाज वाटायची. मला सगळं कळतं, आणि कळून काडीचा उपयोग होत नाही.

गेल्या वर्षी मांजरीला एकटाच गेलो. विलासदादाची जमीन गेलीय हे फोनवर ऐकलं होतं, पण बघितली नव्हती. जिथून पाचट उचलायचो तिथं मोठी कमान, कारंजं आणि गेटवर रखवालदार. "किस फ्लॅट में जाना है?" मी त्याला काय सांगणार? दादा आता रस्त्यापलीकडच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरीत खुर्ची टाकून बसला होता. म्हणाला, "पाचट कुठलं आता! कुंडीतली पानं नेतो का?" आणि स्वतःच हसला. मग जरा वेळानं म्हणाला, "पोरं न्हाई आली?" मी म्हटलं, क्लास असतो. तो म्हणाला, "आमच्या पोरांचा बी असतोय."

रिकाम्या हातानं परतावंसं वाटेना. वाटेत एक रसवंती दिसली. तिथली चिपाडं मागून घेतली, पिशवी भरून. उसाचं ते उसाचंच, असा विचार केला. घरी छप्पर झकास झालं. दुसऱ्या दिवशी बघतो तर बेथलेहेमात मुंग्याच मुंग्या! मरियेच्या पदरावर मुंग्या, गाढवावर मुंग्या, मावळ्याच्या भाल्यावर एक ओळ चढतेय, एक उतरतेय. चिपाडात रस राहिलेला असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शीला हसून हसून खुर्चीवर बसली. मी पोरांना हाक मारली, या रे, बघा काय झालंय! बेकू बारावीच्या अभ्यासातून उठून आली, "ईऽऽ, बाबा, डिस्गस्टिंग!" म्हणून एक फोटो काढला आणि दार लावून घेतलं. शमू आलाच नाही. कानात ते हेडफोन. मग मी आणि शीलानं हळदीची रेघ ओढली आणि चिपाडं गॅलरीत वाळत घातली.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी बाळ कापसात गुंडाळून डब्याच्या तळाशी ठेवलं. ठेवताना ठरवलं, की या वर्षी आठवण करायची नाही. दर वर्षी मीच "चला रे, शोधायचं नाही का?" म्हणतो. आपण म्हणायचं नाही. त्यांना हवं असेल तर ती शोधतील. एवढंच मला बघायचं होतं, की माझ्याशिवाय ते उरतं का.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी आंघोळ करून तयार. तांदळाचा डबा नेहमीच्या जागेवरून काढून ओट्याच्या मधोमध आणून ठेवला. झाकण अर्धवट लावलं. ठरवलं होतं बोलायचं नाही, डबा सरकवायचा नाही असं काही ठरवलं नव्हतं! शीला म्हणाली, "अहो, हा मधेच कशाला आणून ठेवलाय? उचला." मी म्हटलं, असू दे. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि तो तसाच ठेवून पलीकडे चहा केला.

शमू अंथरुणात. "बाबा, पाच मिनिटं." बेकू आरशासमोर केस सरळ करत होती. गॅलरीतून ऊन आत आलं, चर्चची वेळ जवळ आली. शेवटी मला राहवेना. म्हटलं, "बेकू, जरा तांदूळ काढून देतेस का गं, दुपारच्या भाताला?"

"बाबा! आता? मी रेडी होतेय ना." मग आरशातूनच, "आणि भात कशाला? आपण बिर्याणी मागवतोय. आईला विचार."

बिर्याणी मागवायचं शीलानंच मान्य केलं होतं, पोरांना तीच हवी होती म्हणून. मी डबा उचलला, झाकण लावलं आणि जागेवर ठेवला. इतकं वाईट वाटलं, इतकं वाईट वाटलं की मी चपला घालून आधीच खाली जाऊन उभा राहिलो. सेक्रेटरी भेटले. "हॅपी ख्रिसमस!" म्हणाले, मनापासून म्हणाले.

चर्चमधून आल्यावर बेकूनं सगळ्यांना गव्हाणीजवळ बसवून फोटो काढला. फोटो खरंच छान आला. मधे गव्हाचं हिरवंगार शेत, वर चिपाडाचं छप्पर, बारके दिवे, आम्ही चौघं हसतोय. तिनं तो लगेच टाकला, वर लिहिलं, 'आमची फॅमिली ट्रॅडिशन', पुढं लाल बदाम. नातेवाइकांचे, तिच्या मैत्रिणींचे, कुणाकुणाचे बदाम येत राहिले. फोटोत माझ्या गुडघ्यापाशी गव्हाणी स्पष्ट दिसते. मधली बाळाची जागा रिकामी आहे. मी तो फोटो नंतर कितीतरी वेळा मोठा करून पाहिला.

संध्याकाळी कुलकर्णी काकू आल्या. शीलानं ताट हातात दिलं, त्यांनी करंजी खाल्ली, सारण या वेळी बरं झालंय म्हणाल्या. मग गुडघ्यावर हात टेकून गव्हाणीपुढं वाकल्या. चष्मा सारखा केला.

"अहो, आणि बाळ कुठंय यंदा?"

बेकू आणि शमू दोघंही खोलीतच होते, सोफ्यावर, आपापल्या मोबाइलमध्ये. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. शमूनं मान वर न करता म्हटलं, "असेल ना कुठंतरी."

मी काकूंना म्हटलं, "झोपलंय."

"बरं बरं," काकू म्हणाल्या, "मग उठवू नका."

जानेवारीत गव्हाणी उतरवली तेव्हा मी बाळ काढलंच नाही. पुणेरी हट्ट म्हणा. म्हटलं, राहू दे तांदळात, बघू कुणाला आठवतंय. मनात होतं, की ते पहिल्याच आठवड्यात शीलाच्या मापाच्या वाटीला लागेल आणि ती काढून शोकेसच्या खणात टाकेल. तिनं तसं केलं असेल असं धरून मी तिला कधी विचारलं नाही. विचारलं असतं, तर कशाला ठेवलं तेही सांगावं लागलं असतं. पण पानात भात पडला की पोरांकडे बघायची मला सवय लागली. मार्च झाला, बेकूची परीक्षा झाली, निकाल लागला, ती बॅगा भरून गेली. त्यातल्या एका बॅगेत शीलानं चकलीचा डबा कोंबला, बेकूनं तो स्टेशनवर काढून माझ्या हातात दिला, "बाबा, प्लीज, वजन होतंय." मी तो घरी आणला आणि आम्ही दोघांनी संपवला.

यंदाचे गहू मी पेरले. उगवलेत. छपराला काही आणलेलं नाही, पुठ्ठाच लावीन म्हणतो.

परवा बेकूचा व्हिडिओ कॉल आला. मागं मैत्रिणींचा गलका. "बाबा, नाताळला नाही जमत रे. आमचा सगळ्यांचा पाँडिचेरीचा प्लॅन झालाय. न्यू इयरनंतर बघते, नक्की." मग तिला काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, "गव्हाणीचा फोटो टाक हां!" मी हो म्हटलं. बाजूच्या खोलीतून शमूला विचारलं, "तू आहेस ना रे घरी नाताळला सकाळी?" तो म्हणाला, "टेस्ट सिरीज आहे, बट चर्चला डायरेक्ट येतो." पोरगा वाईट नाही. तसं म्हटलं तर दोघांतलं कुणीच वाईट नाही, आणि म्हणूनच मला कुणावर धड चिडताही येत नाही.

आज सकाळी शमू क्लासला गेल्यावर शोकेसचा खण उघडला. बॅटऱ्या, जुन्या किल्ल्या, चष्म्याचं रिकामं घर. बाळ नाही. दुसरा खण, तिसरा. शेवटी स्वयंपाकघरात जाऊन डबा खाली घेतला आणि कोपरापर्यंत हात घातला. तळाशी बोटांना काहीतरी लागलं. वर काढलं. मी ठेवलं होतं तो कापूस नव्हता. पांढऱ्या मलमलीचा तुकडा होता, स्वच्छ धुतलेला, कडेनं हातानं दुमडून शिवलेला. आत ते बाळ, नाक नसलेलं, गुलाबी गालांचं.

शीला भाजीची पिशवी घेऊन दारात उभी होती. किती वेळ उभी होती माहीत नाही.

"तुला माहीत होतं?"

"वर्षभर भात कोण करतंय या घरात?"

"मग काढलं का नाहीस?"

तिनं पिशवी ओट्यावर ठेवली. मेथीची जुडी काढली, सोडली, पुन्हा बांधली. "दर वेळी डबा संपला की काढायचे. डबा घासायचा, उन्हात वाळवायचा, हे परत तळाशी ठेवायचं आणि वरनं नवे तांदूळ ओतायचे. दर वेळी वाटायचं, या वेळी काढून ठेवावं. मग वाटायचं, बेकू अजून आहे की घरात. ती गेल्यावर वाटलं, शमू आहे." तिचा आवाज कापला. माझी फटकळ बायको, लग्नाला इतकी वर्षं झाली, भांडणात रडली असेल, पण असं उगीचच्या उगीच रडताना मी तिला पाहिलं नव्हतं. "एकदा तरी एकानं तांदळात हात घालायला नको होता का हो? भूक लागली म्हणून तरी?"

मी तिच्या शेजारी उभा राहिलो. बाळ दोघांच्या मधे ओट्यावर होतं, मेथीच्या जुडीशेजारी. बाहेर कुणीतरी गाडी पुसत होतं, रेडिओ चालू होता. मी म्हटलं, "मग आता काय करायचं? नाताळच्या सकाळी आपणच ठेवूया का गव्हाणीत?"

तिनं पदरानं डोळे पुसले आणि मान हलवली. "आपण ठेवायचं नसतं. शोधणाऱ्यांनी ठेवायचं असतं."

मग तिनंच ते मलमलीत नीट गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. मी तांदळात हात घालून तळापर्यंत नेलं, तिथं ठेवलं आणि हात काढून घेतला. वरचे तांदूळ आपोआप सारखे झाले. यंदा नाताळच्या आदल्या संध्याकाळी मला काही लपवायचं काम नाही.

मी झाकण टेकवलं आणि डबा उचलायला लागलो.

"नीट घट्ट लावा," शीला मेथी निवडायला बसत म्हणाली. "किडे होतात."

मी घट्ट लावलं.